मामांच्या आहाराचा तक्ता

तीर्थरूप मामीस भाच्याचा, कंबर वाकेल तेवढा वाकून, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मामांचे विचारू नकोस. एकोणऐंशीव्या वर्षी रोज सकाळी पाच किलोमीटर पळून येतात आणि मग मला उठवतात. तू शर्यतीला नको म्हणालीस म्हणून रुसून इथे आले, त्याला महिना झाला. (बॅगेत सदरे दोन, बुटांचे जोड चार.)

मी क्रीडासंकुलात आहारतज्ज्ञ, हे तू चारचौघांत सांगतेसच. म्हातारपणीही पळणारे खेळाडू खातात तरी काय, यावर साहेबांना अहवाल हवा होता, आणि नमुना माझ्याच घरी जेवायला बसलेला! मी ताटाशेजारी वजनकाटा ठेवला. भात, भाजी, अंडी, वाढलेलं सगळं मोजून वहीत लिहिलं. आकडे बघून थक्क झालो; तिशीतल्या गड्याला झेपणार नाही एवढं! तक्ता संकुलात लावला, आमचे धावपटू श्रद्धेने त्याप्रमाणे जेवू लागले. तीन आठवड्यांत त्यांना जिना चढताना धाप लागू लागली आणि भर बैठकीत माझ्या पँटचं बटण तुटून साहेबांच्या चहात पडलं.

मग परवा मी डोळे उघडे ठेवून जेवलो. मामा जुन्या शर्यतीतली शेवटची फेरी रंगवून सांगतात, मी तोंडाचा आ करून ऐकतो, आणि तेवढ्यात त्यांच्या ताटातलं निम्मं माझ्या ताटात येतं. मी वाढलेलं मोजत होतो, खाल्लेलं नाही! विचारलं तर म्हणाले, "सवय रे. घरी निम्मं तिच्या ताटात सरकवतो. तिला कळतही नाही." (तुझ्या गुडघ्यांवरचा भार कुठून आला, ते आता कळलं. रागावू नकोस.) पन्नास वर्षं हा माणूस थोडी भूक ठेवून उठतोय आणि वाऱ्यासारखा पळतोय. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. नवा तक्ता एका ओळीचा केला आहे: थोडी भूक ठेवून उठा.

तुझा,
भाचा

ता. क. मामा इथे अगदी मजेत आहेत. काळजी नसावी.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. डॉक्टरांनी तपासून पळायला परवानगी दिली, तरी काल ताटाला हात न लावता उठले. म्हणाले, "ती बघायला नसेल तर पळून काय करू?" रविवारी सकाळी सातला शर्यत आहे. तुला त्यांना थांबवायचंच आहे ना? मग ये. शेवटच्या रेषेपाशी तुझी खुर्ची मांडून ठेवतो. तिथे ते नक्की थांबतील.