जावई पर्मनंट होईपर्यंत

मी, गुरुनाथ विष्णू बेहेरे, वय शहात्तर, निवृत्त पूल-इंजिनिअर, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, डोकं ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल शंका असल्यास माझ्या बायकोला, सुनेत्राला विचारावं. वकिलाकडची प्रत इंग्रजीत आहे. ही मराठीत, कारण इंग्रजीत मला नीट चिडता येत नाही.

कलम १. २०१९चं माझं मृत्युपत्र रद्द. 'जावई पर्मनंट होईपर्यंत घर मुलीच्या नावावर करू नये' ही त्यातली अट म्हणजे माझ्या मूर्खपणाची कमाल होती. सुनेत्रानंतर घर मुलीला, राधिकाला. बिनशर्त.

कलम २. माझी मोजणीची दुर्बीण म्हणजे लेव्हल, तिचा स्टँड आणि पुलांवरची सगळी पुस्तकं जावयाला, टेरेन्सला. काळा अमेरिकन, सिव्हिलमध्ये मास्टर्स, वर इंजिनिअरचं लायसन्स. लग्नाआधी मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला? नोकरी पर्मनंट आहे ना? म्हणाला, "ऑलमोस्ट, सर." ते ऑलमोस्ट नऊ वर्षं चाललंय! कामाची वाहवा याची, आणि फुल-टाइम जागा निघाली की ती भलत्यालाच. गेल्या मंगळवारी सातवं कॉन्ट्रॅक्ट संपलं. आणि मी शहाणा त्याला सांगत बसलो, रेझ्युमे सुधार, मीटिंगमध्ये जरा हसत जा. बिचाऱ्याने तेही केलं.

कलम ३. दर गणपतीला "जावई सध्या काय करतात?" विचारणाऱ्या लतिकाताईंनी २०१४ साली नेलेलं आमचं मोदकपात्र परत करावं. माझ्या शोकसभेत त्यांनी 'सध्या' म्हटल्यास त्यांना चहा देऊ नये.

कलम ४. हे लिहायला तीन दिवस लागले. २०११ साली माझ्या हाताखाली एक कायम जागा निघाली. कर्टिस तेव्हा आमच्याकडे चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. काळा, डिग्रीवाला, कामात चोख. नव्या देवांगला काम त्यानेच शिकवलं. जागा मी देवांगला दिली. का, तर त्याचे वडील ओळखीचे, व्हिसाची अडचण, आपला मुलगा! कर्टिसला म्हटलं, पुढच्या वेळी नक्की. मग मी रिटायर झालो. आता टेरेन्सला जो तो हेच ऐकवतो, आणि मी इथे त्या लोकांच्या नावाने बोटं मोडतो. कुठल्या तोंडाने, सांगा!

परवा कर्टिसला फोन केला. सगळं सांगितलं आणि साक्षीदार म्हणून येशील का, विचारलं. त्याने तारीख आणि पत्ता विचारून घेतला. मग "येतो" म्हणाला.

कलम ५. या सगळ्याची अंमलबजावणी टेरेन्सने करावी. त्याला सल्ले देऊ नयेत.

सही: गुरुनाथ विष्णू बेहेरे
वेस्ट विंडसर, १८ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. पद्मिनी रेगे, शेजारी
२. कर्टिस व्हिटेकर, पूल-तपासनीस, कॉन्ट्रॅक्टवर

दुरुस्ती: सही करण्याआधी कर्टिसने पद्मिनीकडून कलम ४ इंग्रजीत समजून घेतलं. "सिक्स इयर्स, गुरु," एवढंच म्हणाला. तरी कलम ४मध्ये 'चार'च्या जागी 'सहा' वाचावं. गु. वि. बे.