प्रमुख अभिनेत्री मीच

१० सप्टेंबर, टोरांटो
आजपासून रोज लिहिणार. पुढे चरित्रकारांचे हाल नकोत.

मोटेलमध्ये घडणाऱ्या आमच्या सिनेमाचा इथल्या महोत्सवात पहिला खेळ झाला. एकोणीस दिवसांत नेब्रास्कात उरकलेला सिनेमा, आणि लोक उठून टाळ्या वाजवत होते! कोरीनसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते अंधारात कळलं नाही. माझ्यासाठी जास्त असाव्यात.

कोरीन माझी जुनी मैत्रीण. बरबँकच्या एकाच डायनरमध्ये आम्ही दोघी कॉफी ओतायचो. दर आठवड्याला तिच्या हातून कप फुटायचा. आज एका समीक्षकाने लिहिलंय, 'काय ते बोलके हात!'

२२ सप्टेंबर, लॉस एंजेलिस
बेटिनाकडे मीटिंग. सिनेमा थिएटरात लावणारी बाई. तिच्या कंपनीत तीन जण, त्यातला एक कुत्रा. म्हणाली, मोठ्या अवॉर्डसाठी दोघींची नावं पुढे करू. कोरीन प्रमुख अभिनेत्री, तू सहायक.

सहायक! मी!

ती म्हणाली, अगं, नीट ऐक. प्रमुखमध्ये मोठ्या स्टुडिओच्या बायका रांग लावून बसल्यात. तिथे आपल्यासारख्यांना कोण विचारतंय? सहायकमध्ये यंदा गर्दी नाही, तिथे तुला खरंच चान्स आहे.

विचार करते म्हटलं. लिफ्टमध्येच करून झाला. नाही म्हणजे नाही.

२३ सप्टेंबर
स्टॉपवॉच घेऊन सिनेमा तीनदा पाहिला. कोरीन पडद्यावर ४४ मिनिटं, मी ३९. मग माझी पाठ, माझी सावली आणि दाराआडून येणारा माझा खोकला धरला. मी ४७.

लॉयड म्हणाला, "बाईसाहेब, पण सिनेमा तिच्या आजारपणाचा आहे ना? तुम्ही तर तिला सूप देता." नवऱ्याला अभिनयातलं काय कळणार. फ्रिज दुरुस्त करतो तो.

२६ सप्टेंबर
कोरीनला भेटले. भांडण होणार म्हणून रडण्याची तालीम करून गेले होते. ती म्हणाली, "अगं, मग तू हो की प्रमुख! मला काय, आपला सिनेमा लोकांनी पाहिला म्हणजे झालं."

इतकं चांगलं वागायची काही गरज होती का? संताप आला नुसता. तयार अश्रू पार्किंगवाल्यापुढे वापरले. त्याने तरीही पावती फाडली.

बेटिनाला फोनवर ४७ मिनिटांचा हिशेब ऐकवला. ती म्हणाली, "बरं बाई, तुझी मर्जी. मग कोरीनला सहायकमध्ये टाकते." पटलं तिला.

१२ ऑक्टोबर
अवॉर्डच्या मतदारांसाठी खास खेळ, नंतर प्रश्नोत्तरं. सतरा प्रश्न, सोळा कोरीनला. मला एकच: ते सूप खरं होतं का? मी अकरा मिनिटं उत्तर दिलं. मधेच कुणीतरी हळूच दिवे लावले.

३ डिसेंबर
समीक्षकांच्या एका संस्थेने कोरीनला सहायक अभिनेत्रीचं बक्षीस दिलं. समीक्षकांचं काय एवढं मनावर घ्यायचं. संस्थाही लहानच.

४ डिसेंबर
दुसऱ्या संस्थेने दिलं. ही मोठी आहे. पण जुनाट.

५ डिसेंबर
संकल्प: मत्सर बंद. साखर बंद. सकाळी चालायचं.
दुपारी मासिकाच्या मुखपृष्ठावर कोरीन. डोनट दोन.

२२ जानेवारी, पहाटे ५.१०
आज नामांकनं. नवा गाऊन घातलाय. आश्चर्याचा चेहरा आरशात बसवून ठेवलाय. लॉयडला मोबाइल धरून उभं केलंय.

तोच दिवस, ६.१५
सहायक: कोरीन.
प्रमुख: पाच जणी. पाचही स्टुडिओच्या. लॉयड अजून शूटिंग करत होता. थांबव रे ते, म्हणून ओरडले.

मग बेटिनाचा फोन. आनंदाने नाचत होती. म्हणाली, "बरं झालं बाई तू हट्ट धरलास! प्रमुखमध्ये ठेवली असती तर कोरीनही पडली असती." वर माझे आभार मानले.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते. जळून खाक झालेय मी. ती जागा माझी होती. वाढलेलं ताट माझ्यापुढे आलं होतं, आणि मीच ते उचलून तिच्यापुढे सरकवलं.

२५ जानेवारी
शांतपणे विचार केला. तिला मिळणार नाही. छोट्या सिनेमाच्या बाईला हे लोक पंगतीत बसवतात, वाढत नाहीत. आजवर कितीतरी गुणी बायका नामांकनाचा फोटो काढून घरी गेल्या. कोरीनही जाईल. बिचारी.
कित्येक दिवसांनी झोप छान लागली.

८ मार्च
कोरीनने सोहळ्याला सोबत बोलावलं. शेजारची खुर्ची माझी. म्हणाली, "तू नसतीस तर मी इथवर आलेच नसते." हे तिला बेटिनाने सांगितलंय की ती मनानेच बोलली, कळायला मार्ग नाही.
जाणार. ती हरली की सावरायला कुणीतरी हवंच. हिरवा ड्रेस. रुमाल दोन, दोन्ही तिच्यासाठी.

१५ मार्च
तिला मिळालं.

नाव पुकारलं तेव्हा तिने आधी मला मिठी मारली. मग ती वर गेली आणि मला रडू कोसळलं. थांबेचना. दोन्ही रुमाल मीच भिजवले. ती काय बोलली, एक शब्द कानात शिरला नाही. मला अवॉर्डचा तो पुतळा हवा होता. अजून हवाय.

१६ मार्च
रडताना कॅमेरा माझ्यावर होता म्हणे. जगभर दिसले. लोक लिहितायत, 'मैत्रीण असावी तर अशी!' लॉयडची आईसुद्धा फोनवर हुंदके देत होती. कोरीनने फुलं पाठवली.

१७ मार्च
दोन वर्षांनी एजंटचा फोन. एका मोठ्या स्टुडिओला मी हवीये, ऑडिशनसुद्धा नको म्हणाले. नायिकेचं लग्न ठरतं, आणि मागे उभी राहून तिची मैत्रीण आनंदाने रडते. संवाद नाहीत.

हो म्हणून टाकलं.