आबांची आकडी

आबा, काल इथं साताऱ्यात तुमचा पणतू पंख्याचं बटण दाबायला डब्यावर चढला आणि डब्यासकट पडला. लागलं काही नाही, पण उठताना त्याचं तोंड असं झालं की मला तुम्हीच दिसलात. उंची तुमच्यावर गेलीय त्याची. आपल्या घरात चुलते सगळे ताडमाड, दोघे फौजेत, आणि तुम्हाला मात्र भरतीच्या मैदानावरून उंची मोजून परत पाठवलेलं. आई चिडली की म्हणायची, "ह्यांचं माप घेताना देवाची पट्टीच मोडली व्हती." तुम्ही हसायचात. पुढे लाल गाडीवर कंडक्टर झालात, खाकी कपडे मिळाले, लोक 'मास्तर' म्हणू लागले आणि तुम्ही भरतीचं नावच काढेनासे झालात.

पण गाडीच्या छताला दोरी होती. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी बेल वाजायची; एक वाजली तर थांबायचं, दोन वाजल्या तर निघायचं. आणि ती दोरी तुमच्या हातापासून चांगली वीतभर वर. तुम्ही उडी मारायचात. पिशवी खुळखुळायची, तिकिटांची पेटी पोटावर आपटायची, आणि गर्दी असली की उडी मारायलाही जागा नसायची. त्यापायी दोन थांबे चुकले, दोन तक्रारी गेल्या. डेपोच्या साहेबांनी बजावलं, आणखी एक तक्रार आली की गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवीन. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "खिडकीत बसून काय करू? गाडी गेली, गाडी यील, एवढंच सांगत बसू व्हय?" म्हणालात. तुम्हाला गाडी हवी असायची, माणसं हवी असायची. सांगली ते कुंडल रस्त्यावर कुणाची म्हैस व्यालीय आणि कुणाच्या पोरीला स्थळ आलंय हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नववीत. छत्री घेऊन बघा म्हटलं, तर पहिल्याच दिवशी छत्रीच्या मुठीत एका म्हाताऱ्याचा पटका अडकला आणि उलगडत गेला. दोरीलाच खाली दोऱ्या बांधाव्यात, तर गाडी रोज वेगळी आणि पोरं त्या ओढत बसणार. मग मी आंबे काढायच्या आकडीचं पिल्लू करायला घेतलं. हातभर वेळूची काडी, तिच्या टोकाला सायकलची तार वाकवून केलेला एवढासा आकडा, की त्यात दोरी बसेल पण पटका बसणार नाही. खालच्या बाजूला मनगटात अडकवायला चामड्याचा पट्टा. आणि दोरीला हिसका बसू नये म्हणून काडी आणि आकडा यांच्यामध्ये मी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. ही अक्कल माझी स्वतःची.

आकडी तुमच्या हाती दिली त्या संध्याकाळी मी शाळेतून पलूसहून तुमच्याच गाडीत बसलेय. एक आजी, मांडीवर कोंबड्यांचं डालगं, मळ्यापाशी उतरणार. तुम्ही ऐटीत हात वर करता, आकडी दोरीत घालून ओढता. टण्ण. आणि रबर दोरीला परत झटका देतं. टण्ण. दोन बेल ऐकून गाडी जोरात सुटते.

"आवं मास्तर, माझा मळा मागं गेला की!"

"थांबिवतो, आजी." पुन्हा टण्ण, टण्ण. ड्रायव्हरला वाटतं मास्तरला आज घाई आहे, तो आणखी रेटतो. कोंबड्या ओरडतायत, आजी ओरडतेय, तुम्ही दोरी ओढतच आहात. शेवटी तुम्ही पुढे घुसून मधली जाळी बडवली. "आरं थांब की गड्या!"

"डबल मारतोस आन् थांब म्हनतोस? लय झालं आता. उद्या डेपोत सांगतो," ड्रायव्हर म्हणाला. तुम्ही खाली उतरलात. आजीचं डालगं डोक्यावर घेतलंत आणि तिला मागे मळ्यापर्यंत सोडून आलात. गाडीभर माणसं तोवर खिदळत होती. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं, कारण ती तिसरी तक्रार माझ्या रबरानं केली होती.

घरी गेल्या गेल्या मी पट्टी कापली आणि आकडा तांब्याच्या तारेनं काडीला गच्च आवळला. गाडी आपल्या गावात मुक्कामी असायची. सकाळी पारापाशी ड्रायव्हर मिसरी लावत बसला होता, त्याला तुम्ही हाताला धरून त्याच्या जागेवर नेऊन बसवलंत.

"एक," तो आतून मोजतो. "पुन्यांदा मार. एक. आता दोन मार. दोन." मग तो खिडकीतून थुंकला आणि म्हणाला, "न्हाई सांगत, जा."

तरी सांगितलंच त्यानं. डेपोत शिरताच गंमत म्हणून ओरडला, "आमच्या मास्तरला आकडी आली!" त्यावर एकजण कांदा घेऊन धावला, दुसऱ्यानं चप्पल काढली हुंगवायला, आणि तुम्ही आपले मधोमध आकडी हातात घेऊन उभे. साहेबांनी स्वतः उभ्या गाडीत बेल मारून पाहिली, हसले, आणि खिडकीचा विषय तिथंच मिटला. ही हकिगत तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलीत! मीही पोरांना सांगते, नातवाला तर कालच सांगितली, तो हसून लोळला. पण मी कांद्यापाशी थांबते, पुढचं सांगत नाही.

पुढचं असं की, त्याच आठवड्यात पलूसला गाडी भरली होती आणि माझ्या शेजारी शाळेतल्या दोघी मैत्रिणी होत्या. तुमच्या उड्यांवर रोज हसणाऱ्या. मास्तर माझे वडील आहेत हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, "मास्तर, ह्ये यंत्र कुठनं आनलं?" तुम्ही आकडी उंच धरलीत. "माझ्या लेकीनं केलंय!"

"कुठाय ती पोरगी? बघू तरी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान खिडकीकडे वळवली. तुम्ही आकडी खाली घेतलीत आणि म्हणालात, "घरी हाय ती." आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला लागलात. घरी आल्यावरही त्यावर एक शब्द काढला नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. ऐकू गेलं नसेल पोरीला, असं तुम्ही मनाशी धरलं असावं. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. पण आबा, खिडकीबाहेर नुसता ऊस होता. मला सगळं ऐकू आलं होतं.