शिंकांचा कौल

यानिना, ६ एप्रिल १९९४
चि. अंथूलास अनेक आशीर्वाद.
तुझी वासोवहिनी जाऊन आठ महिने झाले. घर खायला उठतं, पण बाहेरही जाववत नाही. शेजारची मरिगो म्हणते, एखादं जनावर पाळा. तिच्याकडे मांजराचं पिल्लू आहे, बेकरीवाल्याकडे कुरळ्या केसांचा कुत्रा, आणि वरच्या धनगराकडे एक पिवळी कुत्री. पण दर उन्हाळ्यात तू दोन महिने येतेस, आणि लहानपणी मावशीच्या मांजराशी खेळून आल्यावर तू चर्चमध्ये एवढी शिंकलीस की पाद्रीबाबा प्रार्थनाच विसरले. तेव्हा तूच सांग, कोण आणू?
तुझा, फोतिसदादा

व्होलोस, १४ एप्रिल
ती. दादास सा. न. वि. वि.
डॉक्टरांनी हातावर टोचून पाहिलं. मांजराच्या जागी ड्राख्माच्या नाण्याएवढी गांधी उठली, कुत्र्याच्या जागी जेमतेम मसुराएवढी. मांजर बाद. कुरळ्या केसांचा कुत्रा चालतो, ही निव्वळ थाप म्हणाले. केसांवर काही नसतं. ज्याला आणायचं त्याच्याजवळ बसून पाहायचं. ईस्टरला येते. तू कलिंगडसुद्धा दहा वाजवून एक घेतोस, तेव्हा घाई करणार नाहीस हे ठाऊक आहे.
तुझी शिंकरी बहीण, अंथूला

यानिना, ६ मे
चि. अंथूलास आशीर्वाद.
काल तुझी बस गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. शनिवारी बेकरीवाल्याच्या कुत्र्यापाशी पाच मिनिटांत तुझे डोळे लाल झाले. आदल्या दिवशी पिवळी मात्र दोन तास तुझ्या पायावर डोकं ठेवून पडली, तरी तू एकदाच शिंकलीस, तीही म्हणे धुळीने. मी खुळ्यासारखा तिला घरी आणली. आज न्हाणीघरात ॲलर्जीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. म्हणजे गोळी खाऊन परीक्षेला बसलीस! येत्या रविवारी पिवळीला परत नेऊन सोडतो. मला कुत्री नको, बहीण हवी.
फोतिस

व्होलोस, ९ मे
ती. दादास सा. न.
चोरी कबूल. डॉक्टरही रागावले, गोळीने सगळी परीक्षाच फुकट जाते म्हणाले. पण शेवटची गोळी मी शनिवारीच, डोळे लाल झाल्यावर, घेतली होती. बुधवारी तू दुपारी झोपलास, तेव्हा अंगणात तिच्याजवळ तीन तास बसले. शिंका चार, दम लागला नाही. माझ्या खोलीत तिला येऊ द्यायचं नाही, केस अंगणात विंचरायचे, एवढंच पथ्य सांगितलंय. तुला खोटं का सांगितलं? त्या शुक्रवारी तिला पाहायला डोंगर चढताना तू शीळ घालत होतास. वासोवहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच. तिला सोडली असशील तर उद्याच्या उद्या घेऊन ये.
तुझीच, अंथूला

यानिना, १३ मे
चि. अंथूलास आशीर्वाद.
तुझं पत्र बुधवारी मिळालं. तोवर पिवळीला सोडून तीन दिवस झाले होते. काल पहाटेच डोंगर चढलो. धनगर म्हणाला, ती रविवारपासून खाली वाटेकडे तोंड करूनच बसलीय. मला पाहिलं आणि अशी धावत आली की मी गवतात आडवा झालो. धनगराने विचारलं, "काका, डोळ्यांतून पाणी का येतंय?"
मी म्हटलं, "आमच्या घराण्यातच ॲलर्जी आहे."
तुझी खोली झाडून, दाराला कडी घातली आहे. लवकर ये, आणि लोभ आहे तो तसाच असू दे. गोळ्या मात्र आता माझ्यासमोर खायच्या.
फोतिसदादा