घरून भरून नेलेली बाटली

जळगाव, ४ ऑगस्ट १९८७

तीर्थरूप नानांस विशाखाचा सविनय जयभीम.

धुळ्याच्या तपासणीचा कागद मिळाला. लघवीत प्रोटीन अजिबात नाही, असं त्यावर लिहिलं आहे. आनंद व्हायला हवा होता, पण मन मानत नाही. मे महिन्यात तुमचं ब्लडप्रेशर एकशे नव्वद निघालं. संध्याकाळी चप्पल पायात शिरत नाही, लघवीला फेस येतो, हे तुम्हीच डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलंत. मग कागद इतका स्वच्छ कसा? मला प्रयोगशाळेचा संशय येतो. दुसऱ्याची बाटली तुमच्या नावावर गेली असणार. गोळी रोज घेता ना? बी.एड. बरं चाललं आहे. फळ्यावरची ओळ तेवढी अजून उतारावर जाते.

लोभ आहेच, उत्तरही हवं.
विशाखा

साक्री, ११ ऑगस्ट १९८७

चि. विशाखास नानाचा जयभीम व आशीर्वाद.

कागद चांगला आला तरी तुझी पोलीस चौकशी चालूच! हायस्कुलात एकवीस वर्षं शिपाई आहे, आजारपणाची एक रजा नाही. गोळ्यांचं म्हणशील तर आपला लोटन टेलर बघ. होळीला प्रेशरच्या गोळ्या सुरू केल्या, दिवाळीला दोन्ही किडन्या गेल्या. शिकलेल्यांना हे दिसत नाही काय? घरातली पहिली ग्रॅज्युएट तू; अभ्यास कर. माझे पाय बघायला तुझी माय आहे.

तुझा नाना, उखर्डू

जळगाव, १८ ऑगस्ट १९८७

माय, तुला जयभीम.

प्रौढ वर्गात लिहायला-वाचायला शिकलीस, तर हे पत्र तूच वाच. नानांना दाखवू नकोस. प्रयोगशाळेने कळवलं की बाटली नानांनी घरून भरून आणली होती. आता माझा संशय घरावरच आहे.

किडनी म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांची जाळी. प्रेशर वाढलं की वर्षानुवर्षं त्या नळ्यांवर मार बसतो. त्या जाड, अरुंद होतात. जाळी बिघडते आणि प्रोटीन लघवीत उतरतं. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस फसतो. लोटनकाकांच्या पत्नी प्रमिलाबाई इथे भेटल्या. काकांचं प्रेशर आठ वर्षं वाढलेलंच होतं, चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे गोळ्या धरल्या, असं त्या म्हणाल्या. किडन्या प्रेशरने खाल्ल्या, नाव गोळ्यांचं झालं.

खरं काय ते लिही.
तुझी विशाखा

साक्री, २४ ऑगस्ट १९८७

विशाखा, तुले मायना जयभीम.

बाटलीमा मनी लघवी व्हती. तुना नानानी मांगी, मी दिनी. ते म्हणेत, रोग निंघना तं पोरगी शिक्षण सोडी घर यी जाई. गोळ्या बी बठ्ठ्या पेटीमा पड्या शेतस. पाय रोज सुजतस. माले आते भ्याव वाटस. मनावर रागे भरू नको.

तुनी माय, भागाबाई

जळगाव, २८ ऑगस्ट १९८७

तीर्थरूप नाना, जयभीम.

मायने सगळं सांगितलं. तिला बोललात तर माझ्याशी गाठ आहे. पाच तारखेला, शनिवारी, धुळ्याच्या स्टँडवर या. बाटली रिकामी आणा. प्रयोगशाळेच्या मोरीच्या दाराशी मी स्वतः उभी राहीन; लाज वाटली तर वाटू द्या. बी.एड. सोडणार नाही, हे लिहून देते. पण मी शिक्षिका म्हणून वर्गात जाईन तो दिवस तुम्ही पाहिला नाहीत, तर ते शिक्षण मला कायम टोचत राहील.

रागाने लिहिलं, मायेने वाचा.
विशाखा

साक्री, १२ सप्टेंबर १९८७

चि. विशाखास जयभीम.

कागद आला. या वेळी कुणावर संशय घेऊ नकोस, दाराशी तूच होतीस. प्रोटीन तीन अधिक, म्हणजे भरपूर. किडनीचं जे गेलं ते परत येत नाही, पण प्रेशर ताब्यात ठेवलं तर उरलेली पुष्कळ वर्षं साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले. मीठ कमी केलं. रोज सकाळी गोळी घेतली की तुझी माय मला आ करायला लावते, जीभ वर उचलायला लावते आणि खिडकीच्या उजेडात तोंड तपासते. तिचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. तुझाही इतक्यात बसू नये.

लोभ मात्र होता तेवढाच ठेव.
तुझा नाना