आमच्या पिकअपची आणि माझ्या मुलांची व्यवस्था

मी, गोदावरीबाई यादोराव जिभकाटे, वय एकाहत्तर, व्यवसाय शेती, राहणार आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पवनीच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कान थोडे मंद झालेत, पण या उन्हाळ्यात माझ्या घरात जे बोलले गेले ते सगळे मला ऐकू आले. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलणारे होते, त्यांना अंगणाबाहेर ठेवून मी लिहायला बसले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मोठ्या मुलाला मोठा वाटा होता, ते मी रद्द करते.

वकीलसाहेबांचे म्हणणे की मृत्युपत्रात कारणे लिहू नयेत. मी लिहिणार. मी गेल्यावर मालमत्ता बदलणार नाही, कारणे बदलली जातील.

१. माझे पती यादोराव पाच वर्षांपूर्वी वारले. मला तीन अपत्ये. थोरला धनंजय भंडाऱ्यात राहतो आणि जुन्या-नव्या गाड्यांची दलाली करतो. मधला मनिष माझ्यासोबत आसगावात शेती करतो. धाकटी तृप्ती साकोलीला दिली होती. तिथे तिच्या नवऱ्याने दुसरे घर मांडले, म्हणून ती परत आली. परत आली याची तिला लाज नाही, मलाही नाही.

२. तलावाखालच्या धानाच्या बांध्या, वांग्यांची वाडी, राहते घर आणि बँकेतली ठेव ही सर्व माझ्या स्वतःच्या नावावरची मालमत्ता आहे. तिची वाटणी पुढे लिहिली आहे. त्याआधी पिकअपचे लिहिते, कारण वाटणी तिच्यामुळे बदलली.

३. ही पिकअप यादोरावांनी माझ्या नावावर घेतली. मी विचारले, माझ्या नावावर कायले? ते म्हणाले, "वांगे तुये, बाजारात भांडणारी तू, मी फकत स्टेअरिंग धरतो." त्या गाडीने आमची वांगी पवनी-भंडाऱ्याच्या बाजारात नेली, धान नेले, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत नाटकवाल्यांचे पडदे आणि पेट्या गावोगाव पोचवल्या. यादोराव गेल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. मनिषला चालवता येत नाही, शिकायची इच्छाही नाही. तृप्ती शिकली. पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या कोठ्याची, म्हणजे गोठ्याची, भिंत पाडली, आणि त्यानंतर तिने गाडीला खरचटूही दिले नाही. आमच्या आळीतली जनाबाई आणि आणखी बाया आपापली वांगी-मिरची घेऊन मागच्या डाल्यात बसून बाजारात जायच्या.

४. दोन वर्षांपूर्वी गाडीचे पासिंग आले. धनंजय म्हणाला, माझी ओळख आहे, मी करून आणतो. गाडी घेऊन गेला आणि नव्या नवरीसारखी रंगवून आणली. पासिंग झाले. त्याबद्दल मंडईच्या हंगामाचे भाडे त्याने स्वतःकडे ठेवले. ते आम्ही ठेवू दिले. उलट मी त्याची दृष्ट काढली.

५. या वर्षी होळीनंतर बाजारातून परतताना गाडी पवनीच्या अलीकडे बंद पडली. गियर पडेना. धनंजयने टोचन लावून ती भंडाऱ्याला, त्याच्या बसण्याउठण्यातल्या एका गॅरेजात नेली. चार दिवसांनी घरी येऊन, जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगितले.

"इंजिन गेलं, आई. आता त्याच्यात पैसा टाकणं म्हणजे तलावात टाकणं होय. नवीन घेऊ. मी सारं जमवून ठेवलो. तू फकत सही कर."

"कोणाच्या नावानं घेऊन राहिला?" मी विचारले.

"माया नावानं. तुया वयाले कोणी कर्ज देत नाही. तारण फकत तलावाखालची जमीन राहीन."

"अन् गाडी राहीन कुठं?"

"भंडाऱ्याले. तिथंच धंदा हाय. तुमाले लागली का फोन करजा."

तृप्ती म्हणाली, "भाऊ, इंजिन गेलं असतं तं धूर मारलं असतं. गाडी फकत गियर नव्हती घेत."

"तुले का समजते त्याच्यातलं?" धनंजय म्हणाला.

मी मनिषकडे पाहिले. तो भिंतीला टेकून दात कोरत होता. म्हणाला, "तू म्हणशीन तसं, आई." या मुलाने आयुष्यात दुसरे वाक्य म्हटलेले मला आठवत नाही.

गावात वेगळाच तमाशा. जो तो येऊन सांगू लागला, यादोभाऊंची निशाणी आहे, विकू नका, दुरुस्त करा. ज्यांनी त्यांना जिवंतपणी कधी डिझेलचे पैसे दिले नाहीत तेच डोळे पुसत होते. मला त्या निशाणीचाही वीट आला. नवऱ्याची आठवण ठेवायला मला गंजलेले लोखंड लागत नाही.

६. मी सही केली नाही. तृप्तीला घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेले आणि न सांगता त्या गॅरेजात उभी राहिले. आमची गाडी मागच्या बाजूला होती. दिवाळीत घातलेले चारही टायर गायब. त्यांच्या जागी गुळगुळीत, तारा निघालेले टायर. बॅटरी नाही. तृप्तीने शेजारच्या गाडीची बॅटरी मागून घेतली, तारा जोडल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन लागले. जुनी गाडी खोकते तेवढी खोकली, आणि सुरू राहिली.

गॅरेजवाला आमच्याकडे पाहीना. शेवटी म्हणाला, "काकू, धनंजयभाऊनं सांगतलं तसं मी केलो. तुमच्या घरातली गोष्ट हाय, मले त्याच्यात नका घेऊ."

पोटच्या पोराने आईच्या गाडीचे टायर काढून विकले होते, गाडी मेलेली दाखवण्यासाठी. मी तिथल्या नळावर चूळ भरली, कारण तोंडाची चव गेली होती.

७. मग मीही हट्टाला पेटले. गाडी दुरुस्तच करणार, असे ठरवले. ट्रॅक्टरला टोचन लावून ती पवनीला गोलू मिस्त्रीकडे आणली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मावशी, गियरचं काम होऊन जाईन. पण तुमी एकदा येऊन पाहा. तृप्तीताईले बी आना."

त्याने मागचा डाला सोडवून बाजूला ठेवला होता. खालचा चेसिसचा दांडा एका जागी खरवडला होता. रंगाखाली वेल्डिंगने झाळलेली पट्टी होती, ओबडधोबड, आणि पट्टीच्या बाजूने तडा पुन्हा उघडला होता. माझे नख त्यात शिरले.

"हे कधीचं हाय?" तृप्तीने विचारले.

"वरचा रंग तुमच्या पासिंगचाच हाय. तडा आधी झाळला, मंग रंगवला. झाळ्यानं होणारं कामच नाही हे. भरल्या गाडीत हे मधातून मोडलं असतं, ताई. डाला एकीकडं, तुमी एकीकडं."

मग मला कळले. धनंजयने इंजिनाचे खोटे का सांगितले ते कळले. गाडी खरेच संपली होती आणि त्याला ते दोन वर्षांपासून माहीत होते. खरे सांगितले असते तर रंग कोणी लावला हेही सांगावे लागले असते. म्हणून चांगल्या इंजिनाला मारले. आणि ती दोन वर्षे त्या तड्यावर त्याची बहीण बसत होती, आणि मागे जनाबाई, आणि कधी जनाबाईची नातवंडे.

८. मी त्याला बोलावले. आला. तृप्तीने चहा ठेवला. मी विचारले, तुला तडा माहीत होता का? आधी नाही म्हणाला. गोलूने दिलेला फोटो दाखवला तेव्हा खांदे उडवून म्हणाला,

"मंग का झालं? काई झालं का कोणाले? दोन वर्स चालली ना गाडी?"

मला त्याची शिसारी आली. तृप्ती उठली, त्याच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि कप घासून पालथा घातला. तो निघून गेला.

मला वाटले होते की घाणीचा तळ दिसला. तेवढ्यात मनिषने तोंड उघडले. "आई, साकोलीचा एक जण चालू गाडी पाहून राहिला. पुन्हा रंग मारून देऊन टाकू. आपल्याले का करायचं हाय मंग?"

म्हणजे त्याला दुसरे वाक्य येत होते. ते हे होते.

९. दुरुस्ती की नवी, हा प्रश्न मी असा सोडवला. गाडी दुरुस्त केली नाही. चालू म्हणून विकली नाही. भंगारवाल्याकडे स्वतः गेले, खुर्ची मागितली, आणि चेसिस गॅसने कापून दोन तुकडे होईपर्यंत तिथे बसले. तृप्ती म्हणाली, घरी जाऊ, ऊन लागते. मी हलले नाही. मला खात्री हवी होती की त्या दांड्यावर पुन्हा कोणाची लेक बसणार नाही. धनंजय सांगत होता ते एका अर्थी खरेच निघाले, गाडी बदलायलाच हवी होती. खोटे बोलून खरे सांगणारा माणूस मला नुसत्या खोटारड्यापेक्षा घाणेरडा वाटतो.

माझी सोन्याची पोत आणि पाटल्या मोडून मी दुसरी पिकअप घेतली. एकाच मालकाने वापरलेली आहे, पण गोलूने डाला सोडवून खालून पाहिल्यावरच घेतली. ती तृप्तीच्या नावावर आहे, त्यामुळे या मृत्युपत्रात येत नाही. तिच्यावर कोणीही हक्क सांगू नये. धनंजयच्या बायकोने दागिन्यांची विचारणा करू नये, दागिने आता चार चाकांवर आहेत.

१०. वाटणी अशी. तलावाखालच्या बांध्या मनिषला. तो त्या राबून कसतो, एवढ्याच कारणासाठी. वांग्यांची वाडी तृप्तीला. घराचा मागचा भाग मनिषचा. रस्त्याकडच्या दोन खोल्या, त्यांचे स्वतंत्र दार आणि गाडी उभी राहते ते अंगण तृप्तीचे. लेक माहेरी किती दिवस राहणार, असे विचारायला जो कोणी येईल त्याने आधी हे कलम वाचावे. बँकेतल्या ठेवीतून माझे कार्य करावे, उरेल ते तृप्तीचे.

११. माझे पितळी घंगाळ आणि धान मोजायची पायली जनाबाईला. ती नको म्हणेल. तरी तिच्या दारात नेऊन ठेवावीत. तड्याची गोष्ट मी स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितली. ती बराच वेळ नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "तुया पोराले सांग, माया दारावरून नको जाऊ म्हणा." मी सांगितले आहे. तो जात नाही.

१२. धनंजयला माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेतून काही नाही. फक्त त्याने आमच्या गाडीवर चढवलेले चार गुळगुळीत टायर मी भंगारात दिले नाहीत, कोठ्यात ठेवले आहेत. ते त्याचे आहेत, त्याने घेऊन जावेत. हे कलम मी रागाच्या भरात लिहिले असे त्याचा वकील म्हणेल. राग तर केव्हाच उतरला. त्यानंतर जे उरले आहे त्यातून लिहिते आहे.

१३. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तृप्तीने करावी. अडचण आली तर आमचे वकीलसाहेब प्रितम महादेव हटवार यांचा सल्ला घ्यावा. नवी गाडी कधीतरी जुनी होईल. तेव्हा तृप्तीने स्वतःच्या मनाने काय ते ठरवावे, घरात बैठक बसवू नये आणि माझी निशाणी म्हणून तिला धरून ठेवू नये.

१४. मला अग्नी तृप्तीने द्यावा. गावातले जाणते लोक कुरकुरतील. त्यांना कुरकुरू द्यावे, लाकडे ओली नसली म्हणजे झाले.

धनंजयला निरोप मात्र द्यावा. तो आला तर हे मृत्युपत्र त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे, मध्ये उठू देऊ नये. मला त्याची किळस आली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही, हे त्याने माझ्याच शब्दांत ऐकावे. वाचून झाल्यावर त्याला जेवायला वाढावे. भात थोडा जास्त वाढावा. उपाशीपोटी त्याला चक्कर येते, लहानपणापासूनचे आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, शुद्धलेखन गावातल्या निवृत्त गुरुजींकडून तपासून घेतले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून त्यांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

लिहून देणार: गोदावरीबाई यादोराव जिभकाटे (सही)

साक्षीदार:
१. चंद्रभागाबाई केशव वाघाये, राहणार आसगाव (सही)
२. प्रितम महादेव हटवार, राहणार पवनी (सही)

ठिकाण: आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५