लिंबाजीचे दोन कागद

सोम., ३ फेब्रु.
लॅबमध्ये मशीन आलं. म्हणजे काय, तर डब्यात कॅमेरा. काचेवर रुग्णाच्या रक्तातलं सीरम अन् रसायन मिसळायचं, काच आत सरकवायची. तो फोटो काढतो, दाणे धरले का ते बघतो (दाणे म्हणजे आजार) आणि रंगीत कागद ओकतो. डॉ.साहेबांनी हार घातला, नारळ फोडला. तीस वर्षं हेच मी खिडकीच्या उजेडात केलं; मला साधं फूल नाही.
काच चार मिनिटं हलवायची. मी घड्याळ बघत नाही. मनात दहा वेळा ‘हेल मेरी’ प्रार्थना, शाळेतल्या सिस्टर रोझलिनच्या संथ चालीत. सिस्टर गेल्या, चाल राहिली.

गुरु., ६
नांदूरघाटकडचा मेंढपाळ, लिंबाजी. महिनाभर ताप, कंबर धरलेली. चिठ्ठीवर ब्रुसेला, मेंढ्यांकडून येतो तो ताप. मशीन म्हणतं निगेटिव्ह. अश्विनीने (मशीनवाली. नखं सुंदर.) कागद काढून ठेवला. झालं काम!
मी विचारलं, मेंढ्या कशा आहेत?
“तीन गाभडल्या, बाई. मीच वढून काढली पिल्लं.”
हे कॅमेऱ्याला कोण सांगणार? आजार जोरात असला की कधीकधी दाणे धरतच नाहीत, सीरम पातळ करावं लागतं. थोरल्या डॉक्टरांच्या, साहेबांच्या वडिलांच्या वेळी हे शिपायालाही ठाऊक होतं. पातळ केलं. सातव्या ‘हेल मेरी’ला रव्यासारखे दाणे.

शुक्र., ७
चिरंजीव डॉ.साहेबांपुढे पुन्हा करून दाखवलं. मोबाइलवरून मान वर नाही. “मॅडम, मशीनला मोतीबिंदू होत नाही.”
माझा मोतीबिंदू डाव्या डोळ्यात. उजवा शाबूत आहे.
म्हटलं, मग हीच काच मशीनला द्या. “एकदा रिपोर्ट निघाला, विषय संपला.”
जेवणाच्या सुट्टीत अश्विनी काच उजेडाला धरून उभी. “दाणे हायत, मॅडम. पण मी म्हणले असं सांगू नका.”
घाबरट पोर. तरी डब्यातलं अर्धं धपाटं दिलं तिला.

सोम., १०
लिंबाजी रिपोर्ट न्यायला आला. तसाच बीडला मोठ्या डॉक्टरकडे जाणार. लॅबचं लेटरहेड मला मिळालं नाही. साध्या कागदावर शाईने ‘ब्रुसेला पॉझिटिव्ह’ लिहिलं, सिस्टरने वळण लावलेल्या अक्षरात. खाली सही.
दोन्ही कागद त्याने उलटसुलट केले. “डाक्टरला कंचा दावू, बाई? ह्यो रंगीत खरा असंल न्हवं?”
म्हटलं, दोन्ही दाखव. माझा आधी.
“बरं हाय.” घडी घालून खिशात. कमरेवर हात ठेवून स्टँडकडे निघाला.
माझ्या डाव्या हाताला उभा होता. कोणता वर ठेवला, दिसलं नाही.